टेबलावर उघडलेलं आतडं

आमच्या भागातल्या कोंबडीखाद्याच्या मिलमधलं शवविच्छेदनाचं टेबल गेल्या पावसाळ्यात बंद झालं. आता त्याची गरज उरली नाही, असं सांगण्यात आलं. शेतकऱ्याने मेलेल्या पक्ष्याचा फोटो मोबाइलवर पाठवायचा, कंपनीच्या सुपरवायझरने तो बघायचा आणि दुसऱ्या दिवशी शेडवर आतड्याच्या आरोग्यासाठीच्या पूरक खाद्याची बादली पोचवायची, अशी नवी रीत आहे. बादलीच्या लेबलवर थ्रिओनिन, मेथिओनिन, आर्जिनिन, ग्लुटामाइन अशी अमिनो आम्लांची नावं छापलेली असतात. पेण-कर्जतच्या पट्ट्यातल्या ब्रॉयलरवाल्यांनी ही नावं पहिल्यांदा ऐकली ती अशाच टेबलांभोवती उभं राहून. नावं राहिली आणि टेबल गेलं, याचा मला राग आहे. मी पशुवैद्य म्हणून त्या टेबलांवर काम केलं आहे.

रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, हा कोंबडीइतकाच जुना आजार. आयमेरिया हा एकपेशीय परजीवी आतड्याच्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. अमेरिकेत टायझर यांनी १९२९ मध्ये त्याच्या जातींची नीट वर्णनं केली. १९४० च्या दशकात सल्फाची औषधं खाद्यात आली, १९६० च्या सुमारास अ‍ॅम्प्रोलियम, १९७१ मध्ये मोनेन्सिन. त्यानंतरची बरीच वर्षं सगळीकडे एकच उद्योग चालला होता: एक औषध चालेनासं झालं की दुसरं घालायचं. आपल्याकडे १९८० आणि १९९० ची दशकंही तशीच गेली. भुईमुगाची पेंड मागे पडली, सोयाबीनची पेंड आली, पक्षी भराभर वाढू लागला आणि पोत्यातल्या औषधांची नावं बदलत राहिली. या काळाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही.

माझं दशक २००१ ते २०१० चं. कंपनीने पिल्लं आणि खाद्य द्यायचं, शेतकऱ्याने पक्षी वाढवून द्यायचे, ही करार पद्धत रायगडात रुजू लागली होती, पण मिल अजून तालुक्यातल्या होत्या आणि मिलचा मालक शेडवर यायचा. मर वाढली की शेतकरी पहाटेचे ताजे मेलेले चार-पाच पक्षी पोत्यात घालून मोटारसायकलवरून आणायचा. आम्ही ते त्याच्यासमोरच उघडायचो. जॉर्जिया विद्यापीठातल्या जॉन्सन आणि रीड यांनी १९७० मध्ये आतड्यावरच्या जखमांना ० ते ४ असे गुण देण्याची पद्धत मांडली होती. भिंतीवर तिचाच तक्ता लावलेला असे. जखमेच्या जागेवरून आयमेरियाची जात ओळखायची. आतड्याच्या पहिल्या वळणावर शिडीच्या पायऱ्यांसारखे पांढरे आडवे पट्टे दिसले तर अ‍ॅसर्व्हुलिना. मधला भाग फुगलेला आणि आत नारिंगी शेंबडासारखा स्राव असेल तर मॅक्सिमा. शेवटच्या दोन बंद पिशव्या रक्ताने भरलेल्या असतील तर टेनेला. शेतकरी स्वतः बोट ठेवून विचारायचा, "डॉक्टर, याला दोन देणार की तीन?" ज्यांची शाळा सातवीपर्यंत झाली होती असे लोक आतड्याचे गुण बिनचूक सांगू लागले होते. पशुवैद्यकाच्या नोकरीत याहून मोठं समाधान मला दुसरं मिळालं नाही.

या टेबलावरूनच खाद्याचा विचार सुरू झाला. रक्त दिसलं की औषध द्यायचं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण अ‍ॅसर्व्हुलिना आणि मॅक्सिमाच्या सौम्य लागणीत रक्त दिसतच नाही. पक्षी मरत नाही, नुसता मागे पडतो. आतड्याच्या आतल्या केसांसारख्या उंचवट्यांची झीज होते, खाद्यातली प्रथिनं पचायची कमी होतात आणि पक्षी खातोही कमी. त्याच वेळी आतडं स्वतःला वाचवण्यासाठी श्लेष्म्याचा थर जाड करत असतं. या श्लेष्म्याच्या प्रथिनात थ्रिओनिन भरपूर असतं आणि ते सहजासहजी पचत नाही, त्यामुळे त्यात गेलेलं थ्रिओनिन बरंचसं विष्ठेतून बाहेर पडतं. मका आणि सोयाच्या खाद्यात मेथिओनिन आणि लायसिननंतर पहिली कमतरता थ्रिओनिनचीच पडते. म्हणजे ज्याची आधीच ओढाताण, त्याचीच आजारात उधळण. आर्जिनिनची गोष्ट आणखी नाजूक आहे. कोंबडी युरिया न बनवता युरिक आम्ल बनवते. तिच्या शरीरात आर्जिनिन तयार होत नाही, ते खाद्यातूनच यावं लागतं. परजीवीशी लढताना पांढऱ्या पेशी त्याच आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड करतात आणि लागण झालेल्या पक्ष्याच्या रक्तातलं आर्जिनिन घसरतं.

हे कळल्यावर शहाणपणाचा रस्ता एकच होता. खाद्यातलं एकूण प्रथिन थोडं उतरवायचं आणि नेमकी हवी ती अमिनो आम्लं शुद्ध स्वरूपात घालायची. त्या वर्षांत लायसिन आणि थ्रिओनिन आंबवण्याच्या कारखान्यांतून स्वस्त होऊ लागलं, म्हणून हे परवडलं. याचा जो फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो आतड्यात नाही, शेडमध्ये खाली अंथरलेल्या तुसात दिसतो. न पचलेलं प्रथिन पुढे सरकतं आणि मागच्या आतड्यातल्या क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंना पोसतं. उरलेला नायट्रोजन युरिक आम्ल होऊन बाहेर पडतो, पक्षी जास्त पाणी पितो, तूस ओलं होतं आणि अमोनियाने डोळे चुरचुरतात. खाद्यातलं प्रथिन एका टक्क्याने उतरलं की विष्ठेतला नायट्रोजन साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतो. तूस कोरडं राहिलं की परजीवीच्या बीजांडांना पिकायला ओल मिळत नाही. ओल आणि ऊब असेल तर ही बीजांडं एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात आणि नेहमीची जंतुनाशकं त्यांचं काही बिघडवत नाहीत. कोकणातल्या जुलैत, पावसाचे झोत पडद्यातून आत येत असताना, भाताच्या तुसाची गादी कोरडी ठेवणं हीच अर्धी लढाई असते. त्यामुळे आम्ही थ्रिओनिनबद्दल बोलायचो तेव्हा पाण्याच्या निपलची गळती, तूस परतणं आणि पंखे यांबद्दलही त्याच दमात बोलायचो.

त्या काळातले दोन राग अजून गेलेले नाहीत. पहिला टॉनिकवाल्यांवर. कॉक्सी आली की पशुवैद्य अ‍ॅम्प्रोलियम लिहून द्यायचा. हे औषध थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी मारतं. त्याच दिवशी विक्रेता येऊन अमिनो आम्लं आणि बी कॉम्प्लेक्सचं टॉनिक पाण्यात सोडायला सांगायचा. बी-१ जास्त मिळालं की अ‍ॅम्प्रोलियमचा जोर ओसरतो, हे पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे. तरी टॉनिक विकलं गेलं, पक्षी मेले आणि दोष औषधावर गेला. एका बैठकीत मी हे मांडलं, तेव्हा एका कंपनीच्या अधिकाऱ्याने मला विक्रीत खोडा घालू नका म्हणून बजावलं. माझ्या म्हणण्यावर मी आजही ठाम आहे.

दुसरा राग, लायसिन वाढवलं की सगळं भागतं असं सांगणाऱ्यांवर. लायसिन स्वस्त झाल्यावर काही मिलवाले ते ओतू लागले. लायसिन गरजेपेक्षा फार वाढलं तर कोंबडीच्या मूत्रपिंडात आर्जिनिन मोडणारं विकर वाढतं. ज्या पक्ष्याला आर्जिनिन हवंय, त्याच्याकडूनच ते काढून घेतलं जातं. मेथिओनिनचंही अति झालं तर ते सगळ्यांत घातक अमिनो आम्ल ठरतं. ही द्रव्यं एकमेकांच्या प्रमाणात द्यायची असतात, मूठभर टाकायची नसतात.

मग २००६ आलं. १ जानेवारीला युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर बंदी घातली, आणि फेब्रुवारीत नंदुरबारमधल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. तिथे लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. रायगडात रोग नव्हता, पण गिऱ्हाईकही नव्हतं. कोंबडी कुणी फुकट घेईना. नवापूरच्या त्या पक्ष्यांबद्दल सगळे बोलले. नंतरच्या पावसाळ्याबद्दल कुणी बोललं नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी जुन्याच तुसावर नवी पिल्लं टाकली, कारण नवं तूस घ्यायला पैसे नव्हते. जून ते ऑगस्टमध्ये टेबलावर तीन आणि चार गुणांची आतडी रोज येत होती. बर्ड फ्लूच्या नुकसानीत याचा हिशेब कुठेही धरला गेला नाही. तरी त्या वर्षी ज्यांनी खाद्य नीट बांधून घेतलं आणि तूस परतत ठेवलं, त्यांच्या शेडमधले पक्षी लागण होऊनही सावरले. हे मी उघडलेल्या आतड्यांवर पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

पुढचं लवकर सांगता येईल. मिल एकेक करत मोठ्या साखळीत गेल्या. २०१९ मध्ये सरकारने खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आणली. हा फार चांगला निर्णय होता, उशिरा झाला एवढंच. प्रतिजैविकं कमी झाली तशी बादल्या वाढल्या. २०२१ मध्ये सोयाबीनच्या पेंडीचे दर इतके चढले की केंद्राला १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. प्रथिन कमी आणि अमिनो आम्लं नेमकी, हे आमचं जुनं गणित सगळ्यांना समजून सांगायला तेव्हा उत्तम संधी होती. ते शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याची तसदी कुणी घेतली नाही.

दरम्यान पक्षीच बदलला आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जुने वाण जपलेले आहेत. एकाच खाद्यावर वाढवल्यावर ५६ व्या दिवशी १९५७ च्या वाणाचं वजन ९०५ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचं ४,२०२ ग्रॅम भरलं. इतक्या वेगाने वाढणाऱ्या पक्ष्याचं आतडं चार दिवस जरी नीट चाललं नाही, तरी ती वाढ भरून काढायला दिवस उरत नाहीत. म्हणजे आतड्यावर नजर ठेवण्याची गरज माझ्या दशकापेक्षा आज जास्त आहे. मोबाइलवरच्या फोटोत पिसं दिसतात, अ‍ॅसर्व्हुलिनाचे पांढरे पट्टे दिसत नाहीत. तरुण सुपरवायझरांशी बोलतो तेव्हा त्यांना थ्रिओनिनचं स्पेलिंग येतं, पण आतडं कुठे कापायचं ते येत नाही. ती मुलं हुशार आहेत, त्यांना कुणी सुरी हातात दिलेली नाही.

आणि ज्याच्या शेडमध्ये हे सगळं घडतं त्याच्या हातात काय असतं? करारपत्रात पिल्लाचा दर आहे, एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य) आहे, मर किती झाली की किती कापायचे ते आहे. पोत्यातल्या खाद्यात पचणारं लायसिन, थ्रिओनिन आणि आर्जिनिन किती, कोणतं कॉक्सीविरोधी औषध घातलंय आणि ते विक्रीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे नाही. बादलीचे पैसे मात्र संगोपनाच्या रकमेतून वळते होतात. पोत्याच्या चिठ्ठीवर हे आकडे छापायला चार ओळी पुरतील. शेतकरी संघटनांनी पुढच्या कराराच्या बोलणीत दरवाढीच्या आधी ही मागणी ठेवावी, आणि आकडे मिळेपर्यंत बादलीवर सही करू नये.