समासातलं ‘कशावरून?’

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली जळगावात स्थापन झालं, त्यानंतर दोन वर्षांनी मी कॉलेजात पाऊल टाकलं. तोवर खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ नवं आलं तरी आमचं लिहिणं जुनंच राहिलं. शाळेत वैचारिक निबंध म्हणजे ‘विज्ञान : शाप की वरदान’. अर्धं पान शाप, अर्धं पान वरदान आणि शेवटी ‘नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणून सुटका. वादविवाद स्पर्धेत बाजू घ्यावी लागे, पण तिथे आवाज चढवून आणि एखादा शेर फेकून भागायचं. टाळ्या पडल्या की मुद्दा शाबीत.

मराठीच्या सरांनी मात्र पहिल्याच वर्षी सांगितलं, निबंध नको. एक दावा करा आणि पुराव्यानिशी पटवून द्या. विषय आपल्या तालुक्यातला हवा.

मी पीजे घेतली. पाचोरा-जामनेर गाडीला आमच्याकडे सगळे पीजेच म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली, अडीच फुटी रुळांवरून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत छप्पन्न किलोमीटर रमतगमत येणारी. ती तोट्यात आहे, बंद होणार, ही आवई अधूनमधून उठायचीच. ती चालूच राहिली पाहिजे असं मी आठ पानं लिहिलं. ‘गोरगरिबांची जीवनवाहिनी’ हा शब्द तीनदा आला. वजन यावं म्हणून १८८० च्या खानदेश गॅझेटिअरचाही हवाला ठोकून दिला.

वही परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शब्द जागोजागी होता : ‘कशावरून?’ गॅझेटिअरपाशी थोडं जास्त लिहिलं होतं : ‘गाडी १९१८ ची. हे पुस्तक तिच्या अडतीस वर्षं आधीचं. उघडून पाहिलंस का?’ नव्हतं पाहिलं.

मग आठवडाभर मी जामनेर स्टेशनवर जाऊन बसलो. चढणारी डोकी मोजायची आणि तिकीट खिडकीशी थांबणारी माणसं वेगळी मोजायची. दोन्ही आकडे एकदाही जुळले नाहीत. चढणारे नेहमीच जास्त. आधी वाटलं, झालं, आपला दावा कोसळला. फुकटे प्रवासी म्हणजे तोट्याची ओरड करणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत. हा भाग गाळावा, कुणाला कळणार आहे? दोन दिवस तसाच विचार केला. नंतर लक्षात आलं की हाच तर खरा मुद्दा आहे. उत्पन्न तिकिटांवरून मोजलं जातं, गाडीची गरज माणसांवरून मोजायला हवी. तोट्याचा आकडा खरा असूनही ‘गाडी कुणालाच नको आहे’ हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि फुकट्यांना सवलत द्या असंही मी म्हणत नव्हतो. गैरसोयीची गोष्ट गाळण्याऐवजी तिच्यावरच पाय रोवून उभं राहता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या खर्ड्यावर पेन्सिलीने प्रश्न आला : ‘आठवडा कोणता?’ लग्नसराईचा होता. म्हणजे पुन्हा स्टेशन.

त्याच वर्षी सरांनी आम्हाला एसटीने धुळ्याला नेलं, राजवाडे संशोधन मंडळ दाखवायला. वि. का. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले आणि नंतर त्यांच्या संग्रहासाठी हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करणारा, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून खंडामागून खंड छापणारा हा माणूस. कागद आधी, इतिहास मागून, ही त्यांची शिस्त. पण सर तिथल्या तिथे हळूच म्हणाले, ‘व्युत्पत्ती लावताना मात्र राजवाडे पुराव्याच्या पुढे धावतात. तेही वाचा.’ दैवताच्या दारात उभं राहून असं बोलता येतं, याचं आम्हाला नवल वाटलं.

पुढे मीच शिकवायला लागलो. २००४ च्या सुमारास पर्यावरणाचा प्रकल्प सगळ्यांना सक्तीचा झाला आणि झेरॉक्सच्या दुकानांत तयार फायली टांगल्या गेल्या. कांग नदीच्या प्रदूषणावरच्या एका फाइलीत पाचव्या पानावर अचानक मुळा-मुठा वाहायला लागली होती. मुलांना दोष देऊन काय उपयोग? एका वर्गात शंभरावर मुलं. इतक्या फायली वाचणारा कुणी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तपासणारा फक्त पानं मोजत असेल तर मुलं पानंच देणार. नंतर इंटरनेट आलं, आता एआय आहे. मजकूर सफाईदार झाला, शुद्धलेखनसुद्धा सुधारलं. अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे हवाले मात्र माझ्या गॅझेटिअरचीच आठवण करून देतात. मी निदान खऱ्या पुस्तकाचा हवाला दिला होता, न वाचता का होईना.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पीजे थांबली ती कायमचीच. रुंद रूळ टाकून मार्ग बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर झालं. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आला, तेव्हा पहूरची एक विद्यार्थिनी पीजेचाच विषय घेऊन आली. तिचा दावा होता की गाडी बंद पडल्याने मुलींचं कॉलेज सुटलं. मी माझी जुनी वही दिली. ती चाळून म्हणाली, ‘सर, तुम्हाला मोजायला गाडी तरी होती. मी काय मोजू?’

मला उत्तर सुचलं नाही. तिनेच तोड काढली. पहूर आणि शेंदुर्णीच्या बसथांब्यांवर उभं राहायचं, पासवाल्या मुलींना विचारायचं आणि घरी बसलेल्या मुली शोधून त्यांच्याकडूनच कारण ऐकायचं. निम्म्या कामात ती जरा हिरमुसून आली. काही मुलींनी गाडीचं नावही काढलं नव्हतं. त्यांची लग्नं झाली होती, इतकंच. ‘हे गाळू का?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, गाळू नकोस, पहिल्या पानावर आण.

परवा तिने पहिला तक्ता आणून दिला. रकाने नेटके होते, बेरजा बरोबर होत्या. मी खिशातली पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं : ‘आठवडा कोणता?’