अंड्यावरचा आकडा काय सांगतो?

युरोपात अंडी घेताना खोक्यावरील हिरव्या कुरणाच्या चित्राला भुलण्याचे कारण नाही. कोंबडी कशी वाढविली, हे अंड्याच्या कवचावरील पहिला आकडाच सांगतो. युरोपीय संघाने २००४ पासून हा शिक्का बंधनकारक केला आहे.

'०' म्हणजे सेंद्रिय पद्धत, '१' म्हणजे मोकळ्या आवारात फिरणारी कोंबडी, '२' म्हणजे बंद शेडमधील, पण पिंजऱ्याविना आणि '३' म्हणजे पिंजऱ्यातील. पुढील अक्षरे देश दर्शवितात.

'१' साठी प्रत्येक कोंबडीमागे बाहेर चार चौरस मीटर जागा लागते; '२' मध्ये एका चौरस मीटरमध्ये नऊ कोंबड्या ठेवता येतात. जुन्या अरुंद पिंजऱ्यांवर २०१२ पासून बंदी आली. मात्र बसण्यासाठी दांडी आणि अंडी घालण्यासाठी आडोसा असलेल्या पिंजऱ्यांना संघाच्या कायद्यात मुभा आहे. तेथे कोंबडीच्या वाट्याला ७५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा थोडी अधिक जागा येते.

केक, मेयोनेज अशा पदार्थांतील अंड्यांबाबत मात्र ही सक्ती नाही. त्यामुळे पिंजऱ्यातील अंडी नको असणाऱ्या ग्राहकाच्याही ताटात ती नकळत येऊ शकतात. आपल्याकडील पाकिटांवरील हिरवे वा तपकिरी चिन्ह तर पदार्थ शाकाहारी की मांसाहारी, एवढेच सांगते.