नमुन्याची कुपी उघडताना...

अंजनगाव सुर्जीसारख्या गावातील रुग्णाच्या घशातील स्राव तपासणीस निघतो, तेव्हा रोगजंतूही त्याच्यासोबत प्रवास करीत असतात. म्हणून कुपी तीन आवरणांत बंद करून शीतपेटीतून पाठविली जाते. मे २०२० मध्ये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत करोना चाचण्या सुरू झाल्या आणि हे जोखमीचे काम जिल्ह्यातच होऊ लागले. खरा धोका झाकण उघडताना असतो. त्या वेळी अदृश्य तुषार हवेत उडू शकतात. यासाठी कुपी जैवसुरक्षा कपाटातच उघडतात. त्याची गाळणी ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडविते. त्यानंतर रसायनाने विषाणू निष्क्रिय केला जातो. तंत्रज्ञच आजारी पडला, तर रुग्णाचा अहवालही रखडतो. त्याची सुरक्षितता ही रुग्णाचीच सुरक्षितता होय.