एक यंत्र, दोन वाटा

मुंबईहून निघालेली लोकलगाडी ठाणे, डोंबिवली ही स्थानके मागे टाकून कल्याणला येते. येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक फाटा कर्जतकडे जातो. त्यावरील पहिले स्थानक विठ्ठलवाडी. दुसरा फाटा कसाऱ्याकडे जातो. त्यावरील पहिले स्थानक शहाड. गाडी तीच, डबे तेच, वीजही तीच. परंतु सांधा ज्या बाजूस वळविलेला असेल, त्याच बाजूस गाडी जाते. एक गाडी एकाच वेळी दोन्ही मार्गांनी जाऊ शकत नाही. मात्र आज शहाडला गेलेली गाडी उद्या विठ्ठलवाडीस खुशाल जाऊ शकते.

विद्यार्थ्याच्या लॅपटॉपलाही असाच एक सांधा बसविता येतो. तो कसा, हे समजण्यासाठी संगणक सुरू होताना काय घडते, ते प्रथम पाहिले पाहिजे.

संगणकाची कळ दाबली की यंत्रातील एका चिपमध्ये कायमचा साठवलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. स्मृती, कळफलक, पडदा हे अवयव जागेवर आहेत की नाहीत, हे तो तपासतो. मग तो साठवणीच्या डिस्ककडे वळतो आणि तेथील एका दुसऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या हाती सूत्रे देतो. ह्याला बूटलोडर म्हणतात. बूटलोडर हा मुख्य कारभाऱ्याला उठवून कामास लावतो. हा मुख्य कारभारी म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात कार्यप्रणाली. कोणत्या कामाला किती वेळ द्यावा, स्मृतीतील कोणती जागा कोणास द्यावी, कोणती फाइल कोठे ठेवावी, ही सारी व्यवस्था तीच पाहते. ती नसेल तर उत्तमोत्तम यंत्रही निर्जीव पेटीसारखे पडून राहील.

बहुतेक लॅपटॉप विंडोज ही कार्यप्रणाली घेऊनच दुकानातून घरी येतात. म्हणून पुष्कळांना वाटते की, यंत्र आणि विंडोज ही एकच वस्तू होय. ही समजूत बरोबर नाही. गाडी वेगळी आणि मार्ग वेगळा, तसेच हे आहे. एकाच डिस्कचे दोन विभाग करून एकात विंडोज व दुसऱ्यात लिनक्स ठेवता येते. मग कळ दाबताच बूटलोडर पडद्यावर दोन्हींची नावे दाखवितो, काही क्षण वाट पाहतो आणि ज्या नावाची निवड होईल त्या वाटेस यंत्र लावतो. कल्याणच्या सांध्याचे काम येथे बूटलोडर करतो.

लिनक्सचा जन्मही एका विद्यार्थ्याच्या अशाच प्रयोगातून झाला. फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा तरुण शिकत होता. १९९१ च्या जानेवारीत त्याने स्वतःसाठी एक संगणक विकत घेतला. त्या यंत्रावर मूळची जी कार्यप्रणाली होती, तिने त्याचे समाधान होईना. म्हणून त्याने मिनिक्स ही दुसरी कार्यप्रणाली मागवून त्यावर बसविली. ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम ह्यांनी ती विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी रचली होती. टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकाशी जोडले जावे, म्हणून लिनसने स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात भर पडत पडत एक नवी कार्यप्रणालीच आकार घेऊ लागली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने तिची वार्ता इतरांना कळविली. हा केवळ छंद आहे, फार मोठे काही होणार नाही, असेच त्याला तेव्हा वाटत होते.

पुढे एकदा मोठा अनर्थ घडला. विद्यापीठाला फोन लावण्याची आज्ञा मोडेमला द्यावयाची, ती चुकून त्याने डिस्कलाच दिली. डिस्कवरील मिनिक्सचा विभाग त्यामुळे बिघडून गेला. परंतु लिनस हताश झाला नाही. मिनिक्स पुन्हा बसविण्याऐवजी स्वतःच्या नव्या प्रणालीवरच काम करावयाचे, असे त्याने ठरविले. ह्या प्रसंगापासून दोन बोध मिळतात. प्रयोगात चूक झाली म्हणून प्रयोग सोडू नये, हा पहिला. डिस्कशी खेळ करण्यापूर्वी मोलाच्या वस्तू सुरक्षित ठेवाव्यात, हा दुसरा.

हा दुसरा बोध शहाडच्या विद्यार्थ्याला अधिक लागू पडतो. लिनसचा संगणक त्याचा एकट्याचा होता. येथे पुष्कळ घरांत एकच लॅपटॉप असतो. त्यातच मोठ्या मुलाचे महाविद्यालयीन प्रकल्प, धाकटीच्या वह्यांची छायाचित्रे आणि घरातील लग्नकार्याच्या आठवणी साठविलेल्या असतात. विभाग करताना एक चुकीची कळ दाबली गेली, तर वर्षाचे श्रम क्षणात नाहीसे होतात. म्हणून सर्व फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही न मोजलेल्या पैशांसारखी होय.

त्यानंतरही लगेच डिस्कला हात लावण्याचे कारण नाही. लिनक्सचा उबंटूसारखा एखादा प्रकार पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. अशा वेळी नवी प्रणाली यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहून काम करते. वायफाय जुळते का, आवाज येतो का, कळफलकाच्या सर्व कळा चालतात का, हे निश्चिंतपणे पाहता येते. ‘बसवा’ अशी आज्ञा दिली नाही, तर यंत्र बंद करून पेनड्राइव्ह काढताच सर्व पूर्ववत् होते. जमिनीत विहीर खणण्यापूर्वी पाणी पाहावे, तशी ही परीक्षा आहे.

परीक्षा उतरली तरच पुढचे पाऊल टाकावे. विंडोजचा विभाग विंडोजच्याच साधनाने आखडून नव्या प्रणालीसाठी जागा मोकळी करावी. डिस्क कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असेल, तर तिची पुनःप्राप्तीची किल्ली आधी कागदावर उतरवून ठेवावी. विंडोज पुष्कळदा पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते. लवकर जागे होण्याची ती सोय बंद करावी. काम चालू असताना वीज जाण्याचा संभव असतो, म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली असावी.

दोन प्रणाली एका यंत्रात नांदू लागल्या की एक गंमत कधीकधी दिसते. लिनक्समधून विंडोजमध्ये परत आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेले असते. यंत्र बिघडले, अशी शंका येते; पण तसे नसते. यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळ दाखविते, असे लिनक्स मानते. ते स्थानिक वेळ दाखविते, असे विंडोज मानते. भारताची वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. दोन कारभाऱ्यांच्या समजुतीतील एवढाच फरक घड्याळात उमटतो. एका प्रणालीला दुसरीची रीत शिकविली की तो मिटतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढची आवृत्ती पुष्कळ जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. धडधाकट यंत्र केवळ एवढ्यासाठी टाकून देणे सर्वांना परवडणारे नाही. लिनक्सचे बहुतेक प्रकार विनामूल्य मिळतात, आणि त्यांपैकी काही जुन्या यंत्रावरही हलकेपणाने चालतात. त्यांची मूळ रचना कोणालाही वाचता येते, सुधारता येते. भारतातही प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅक ह्या संस्थेने, लिनक्सच्या आधारे बॉस नावाची प्रणाली तयार करून २००७ साली प्रसिद्ध केली. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत.

ह्याचा अर्थ जुनी वाट वाईट, असा मात्र नव्हे. विंडोजसाठी रचलेले सर्वच प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाहीत. एखाद्या परीक्षेसाठी विंडोजच लागते. त्या दिवशी त्याच वाटेने गेले पाहिजे. दोन प्रणाली ठेवण्याचा लाभ हाच की, एकीची सवय दुसरीच्या ज्ञानाआड येत नाही.

ज्याने एकच मार्ग पाहिला, त्याला तो मार्ग म्हणजेच प्रवास वाटतो. सांध्यापाशी उभा राहून ज्याने दोन्ही मार्ग पाहिले, त्याला गाडी कशी चालते, हे कळू लागते. लॅपटॉपवर दुसरी कार्यप्रणाली बसविणारा विद्यार्थी केवळ एक नवे साधन मिळवीत नाही; रोज वापरात असलेले यंत्र आतून कसे चालते, हे तो प्रथमच जाणून घेतो.