पोपटीचा धूर, दोन चमचे पाणी

जानेवारीत पनवेल-उरणकडच्या शेतांत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी भरायची, मडकं उपडं ठेवायचं आणि वर पेंढा-पातेरा पेटवायचा. दुसऱ्या दिवशीही स्वेटरला तो वास येतो. भावाने ग्लासगोहून आणलेली ‘बिग पीट’ व्हिस्कीची नाताळ आवृत्ती नेरुळच्या घरी उघडली, तेव्हा आधी ते स्वेटर आठवलं. आणि लगेच दवाखाना! टिंक्चर आयोडीन, काळं फिनेल.

दोन्ही वासांचं कूळ एकच. स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आयला बेटावर झाडं कमी, पूर्वापार जळण म्हणजे पीट. दलदलीत शेवाळ आणि गवत हजारो वर्षं अर्धवट कुजून झालेला हा काळा थर. व्हिस्कीसाठी मोड आलेले जव वाळवताना खाली पीट जाळतात आणि धुरातली फिनॉलं दाण्यात मुरतात. त्यातलं ग्वायकॉल धुराचा वास देतं, क्रेसॉल फिनेलचा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्की होते, तिच्यासाठीही पीट स्कॉटलंडहूनच येतं.

बिग पीटच्या बाटलीवरच्या ‘ब्लेंडेड माल्ट’ या नावाने पुष्कळांची फसगत होते. नेहमीच्या ब्लेंडेड स्कॉचमध्ये ग्रेन व्हिस्की असते, इथे तिचा थेंबही नसतो. दोन किंवा अधिक डिस्टिलरींच्या सिंगल माल्टचंच हे मिश्रण. डग्लस लेंग कंपनीने 2009 मध्ये काढलेल्या बिग पीटमध्ये आर्डबेग, बोमोर, कल ईला अशी आयलाचीच मंडळी आहेत. एरवी ती 46 टक्क्यांची असते. नाताळची मात्र कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून निघाली तशीच, पाणी न घालता भरलेली.

म्हणून ते पाणी आपण घालायचं. पाण्याने व्हिस्की बिघडते हा समज मला मुळीच पटत नाही. स्वीडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये संगणकावर पडताळलं, की अल्कोहोल 59 टक्क्यांच्या वर असलं की ते ग्वायकॉलला वेढून आत ठेवतं. 45 आणि त्याखाली ग्वायकॉल पृष्ठभागाशी येतं, नाकाच्या जवळ.

समजा बाटली 54 टक्क्यांची आहे. 30 मिलीत पाच मिलीचा एक चमचा पाणी घातलं की ती 46 वर येते, दुसऱ्या चमच्याला 40 वर. आधी पाण्याशिवाय जिभेचं टोक भिजेल एवढाच घोट घ्या. तिखट झणका लागेल. पहिल्या चमच्यानंतर धूर मोकळा होतो, मागून जवाचा गोडवा आणि समुद्राचा खारेपणा येतो. दुसऱ्यानंतर ती किंचित गढुळते. घाबरू नका. थंड करून गाळलेली नसल्याने तिच्यातली तेलकट द्रव्यं दिसू लागतात, एवढंच. बर्फ नको, गारठ्याने वास मिटतो. पण आपल्याकडच्या मे महिन्यात अल्कोहोल थेट नाकात चढतं, तेव्हा एसी लावलेल्या खोलीत बसा.

आणि रिकामा ग्लास लगेच विसळू नका. सकाळपर्यंत अल्कोहोल उडून गेलेलं असतं, आणि तळाशी राख, ओला पाला, पोपटीचं फोडलेलं मडकं.