नकाशा कोणता खरा? यंत्ररचनेच्या कचेरींतील एक निवड

ज्यांनीं स्वतःचें घर बांधून घेतलें आहे त्यांस पुढील प्रसंग नवा वाटणार नाहीं. नगरपालिकेनें मंजूर केलेला नकाशा कपाटांत असतो. मध्यंतरीं घरांतील बायकांच्या सांगण्यावरून स्वयंपाकघराची खिडकी दोन फूट पूर्वेस सरकते. वास्तुशिल्पज्ञ नवा कागद काढून देतो, तो ठेकेदाराकडे पोंचतोही. पण गवंड्याच्या हातांत जुनाच कागद राहतो, आणि भिंत उभी राहिल्यावर चूक ध्यानांत येते. भिंत पाडतां येते, पुन्हा बांधतां येते. परंतु जेथें एका यंत्राचे हजारों सुटे भाग असतात, त्यांचे नकाशे काढणारीं माणसें पन्नास असतात आणि ते भाग घडविणारा कारखाना दुसऱ्याच गांवीं असतो, तेथें ‘खरा नकाशा कोणता?’ ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर काय होतें, तें एका प्रसिद्ध उदाहरणावरून समजतें.

अमेरिकेंतील जनरल मोटर्स ह्या कंपनीच्या कांहीं लहान मोटारींत, किल्ली फिरवून एंजिन सुरू करण्याचा जो स्विच असे, तो ठरलेल्या मापापेक्षां हलका फिरे. २००२ सालीं तो तसाच मंजूर झाला. मोटार धांवत असतां गुडघ्याचा धक्का लागला किंवा किल्लीच्या जुडग्याचें ओझें पडलें कीं किल्ली मागें सरके, एंजिन बंद पडे, आणि अपघाताच्या क्षणीं फुगून माणसाला वांचविणारी हवेची पिशवी फुगत नसे. एप्रिल २००६ मध्यें कंपनीच्या एका अभियंत्यानें त्या स्विचांतील एक लहानसा खुंटा व त्याची स्प्रिंग बदलण्यास संमति दिली. खुंटा लांब झाला, स्विच ताठ झाला. मात्र नव्या स्विचचा पार्ट नंबर जुन्याचाच ठेवला गेला.

दिसावयास ही गोष्ट किती क्षुल्लक! पण पुढें अपघातांची चौकशी करणाऱ्यांना असें आढळूं लागलें कीं, पहिल्या कांहीं वर्षांच्या मोटारींत जो प्रकार घडतो तो २००८ च्या नमुन्यापासून घडत नाहीं. असें कां व्हावें, ह्याचा उलगडा होईना. कारण कागद सांगत होते कीं दोन्ही मोटारींतील स्विच एकच आहे. अखेर २०१३ सालीं एका दाव्यांत वादीच्या बाजूच्या तज्ज्ञानें जुना व नवा स्विच उकलून शेजारीं शेजारीं ठेवले, तेव्हां खुंट्याची लांबी डोळ्यांना दिसली. फेब्रुवारी २०१४ पासून मोटारी परत बोलाविण्यास आरंभ झाला. इतकेंच नव्हे, तर सुट्या भागांच्या दुकानांत जुने व नवे स्विच एकाच नंबराखालीं मिसळलेले असल्यामुळें, नंतरच्या सालांच्या निर्दोष मोटारींतही दुरुस्तीच्या वेळीं जुना स्विच बसला असण्याचा संभव उरला, व त्याही मोटारी बोलवाव्या लागल्या. एकूण संख्या सुमारें २६ लाखांवर गेली. कंपनीनें स्थापिलेल्या भरपाई-निधीनें १२४ मृत्यु ह्या दोषाशीं संबद्ध म्हणून मान्य केले. दोष मूळ स्विचांत होता, नंबरांत नव्हे, हें खरें. पण तो उघडकीस येण्यास जीं वर्षें गेलीं, त्यांत त्या न बदललेल्या नंबराचा वांटा मोठा होता.

यंत्ररचनाकारांच्या कचेऱ्यांत आज जिला ‘पीडीएम’ म्हणतात, ती उत्पादनाची माहिती सांभाळणारी संगणकीय व्यवस्था मुळांत ह्याच कामासाठीं आहे. तिचें स्वरूप चांगल्या ग्रंथालयासारखें असतें. प्रत्येक भागाचा नकाशा एका कोठारांत ठेवलेला असतो. ज्याला त्यांत फेरफार करावयाचा असेल तो आपल्या नांवावर तो बाहेर काढतो. तोंपर्यंत इतरांस तो पाहतां येतो, पण त्यावर हात चालवितां येत नाहीं. काम संपल्यावर नकाशा परत जातो, त्यावर नव्या आवृत्तीचें चिन्ह पडतें, आणि मागील आवृत्ति जशीच्या तशी जपून राहते. अधिकाऱ्याची मान्यता मिळेपर्यंत नवी आवृत्ति कारखान्यास दिसत नाहीं. अमुक खिळा कोणकोणत्या यंत्रांत वापरला आहे, हेंही ती क्षणांत सांगते; हातानें शोधावयाचें तर त्यांत दिवस मोडतो.

कोणी विचारील, एवढ्यासाठीं खर्च कां करावा? सर्वांच्या सामायिक फोल्डरमध्यें फाइली ठेवून भागणार नाहीं काय? पत्रें व हिशेब ह्यांचें भागतें. यंत्राच्या नकाशांचें भागत नाहीं. संगणकावर काढलेल्या जोडणीच्या फाइलींत सुटे भाग बहुधा प्रत्यक्ष नसतातच; ते कोणत्या नांवाच्या फाइलींत सांपडतील, एवढा पत्ता तींत असतो. एखाद्या उत्साही माणसानें फाइलीचें नांव बदललें कीं पत्ता चुकतो आणि जोडणी उघडतांना तो भाग गहाळ होतो. त्याहून वाईट म्हणजे, त्याच नांवाची जुनी फाइल दुसरीकडे असली तर ती निमूटपणें त्या जागीं येऊन बसते.

म्हणूनच व्यवस्था निवडतांना पहिली गोष्ट पाहावयाची ती ही कीं, आपण ज्या साधनानें नकाशे काढतों त्या साधनाच्या फाइलींतील हे पत्ते तिला वाचतां येतात काय. सॉलिडवर्क्स वापरणाऱ्या लहान कचेऱ्या सॉलिडवर्क्स पीडीएमकडे, आणि इन्व्हेंटर वापरणाऱ्या ऑटोडेस्क व्हॉल्टकडे वळतात, तें ह्याच कारणानें. टीमसेंटर किंवा विंडचिल ह्यांचा पसारा बराच मोठा आहे. अनेक प्रकारचे नकाशे, अनेक शहरांतील कचेऱ्या आणि कारखान्याची पुढील सारी व्यवहारसांखळी त्यांत सामावते. सहा माणसांच्या तुकडीनें असला पसारा मांडणें म्हणजे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडासाठीं दिवाणजी ठेवण्यासारखें होय. पुणें-चिंचवडकडील ज्या कचेऱ्या परदेशी कारखान्यांचें काम करतात, त्यांना तर पुष्कळदां निवडीस वावच नसतो. ग्राहकाची जी व्यवस्था तीच त्यांची.

हें एकसूत्रीपण किती महत्त्वाचें आहे, तें एअरबस कंपनीच्या ए-३८० ह्या प्रचंड विमानानें दाखविलें. त्यांत सुमारें ५३० किलोमीटर लांबीच्या तारा. हॅम्बुर्ग येथील रचनाकार कॅटिया ह्या साधनाची चौथी आवृत्ति वापरीत होते, तर तुलूझ येथील लोक पांचवी. दोहोंतील माहिती पूर्णपणें जुळेना. प्रत्यक्ष बसवितांना तारांचे जुडगे आखूड भरूं लागले. २००६ सालीं मिळावयाचें पहिलें विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हातीं १५ ऑक्टोबर २००७ रोजीं पडलें, आणि मध्यंतरीं वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदें सोडावीं लागलीं.

विकणाऱ्याच्या तक्त्यांत सर्वच व्यवस्थांसमोर सर्वच गुणांच्या खुणा असतात. त्यावरून निवड करणें व्यर्थ आहे. खरी परीक्षा आपल्याच घरच्या कामानें होते. मागील दोन-तीन वर्षांतील सर्वांत गोंधळाचें काम निवडावें, त्याचे नकाशे त्या व्यवस्थेंत घालावे आणि महिनाभर तुकडींतील दोघांकडून तिच्यावर काम करवून घ्यावें. एकच फाइल दोघांनीं एकदम मागावी. तीन यंत्रांत लागणारा एखादा भाग बदलावा व तिन्हीं ठिकाणीं त्याची सूचना जाते काय तें पाहावें. अमुक तारखेस पुरवठेदाराकडे कोणती आवृत्ति गेली होती, असें विचारावें. शेवटीं रोजची राखीव प्रत घेऊन ती दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभी करावी; हें करून पाहण्याची टाळाटाळ होते, आणि संकट येतें तें नेमकें तेथेंच.

आणखी एक प्रश्न विक्रेत्यास अवघड वाटतो, म्हणून तो आवर्जून विचारावा: उद्यां ही व्यवस्था सोडावयाची झाली तर आपली माहिती बाहेर कशी काढावयाची? ‘स्टेप’ ह्या १९९४ पासूनच्या आंतरराष्ट्रीय ठराविक नमुन्यांत भागाचा आकार बाहेर येतो. पण तो कोणत्या क्रमानें घडविला हें त्यांत सामान्यतः येत नाहीं, आणि कोणी केव्हां मान्यता दिली हा इतिहास तर व्यवस्थेच्याच पोटांत राहतो. तो वाचतां येईल अशा रूपांत मिळतो कीं नाहीं, हें करारांत लिहून घेणें बरें.

पण ह्या सर्वांच्या आधीं एक काम आहे, तें कोणतेंही सॉफ्टवेअर करून देत नाहीं. नवा नंबर केव्हां द्यावयाचा आणि केवळ नवी आवृत्ति केव्हां, हा नियम माणसांनीं बसून ठरवावा लागतो. कसोटी जुनी व सोपी आहे. जुन्या भागाच्या जागीं नवा, आणि नव्याच्या जागीं जुना, डोळे मिटून बसवितां येत असेल तर नुसती आवृत्ति बदलावी. आकारांत, बसण्यांत किंवा कामांत अंतर पडत असेल तर नंबरच नवा द्यावा. त्या स्विचाला ही कसोटी लावली असती तर दोन ओळींत निकाल लागला असता. नियम ठरल्यावर तो व्यवस्थेंत असा बसवावा कीं, दुसऱ्या माणसाच्या संमतीवांचून व बदलाचें कारण लिहिल्यावांचून कोणताही मान्य नकाशा हलतां कामा नये. ज्या व्यवस्थेंत ही अट सहज बसते ती थोडी कुरूप असली तरी चालेल. तथापि अटींचा अतिरेकही नको. एका स्क्रूसाठीं सात सह्या लागूं लागल्या कीं लोक नकाशे आपापल्या टेबलाच्या खणांत, म्हणजे स्वतःच्या संगणकावर, ठेवूं लागतात.

राहतां राहिला जुन्या नकाशांचा प्रश्न. खर्चाचा अंदाज चुकतो तो बहुतकरून येथें, कारण परवान्याची वर्गणी सर्वांना दिसते आणि साफसफाईचे महिने कोणालाच दिसत नाहींत. एकाच भागाच्या चार प्रति, ‘अखेरचा’, ‘खरोखर अखेरचा’ अशीं नांवें, सोडून गेलेल्या माणसाच्या फाइली—हें सारें एकदम आंत ओतूं नये. चालू यंत्रांचे नकाशे आधीं तपासून घ्यावे. बाकीचे ज्या दिवशीं लागतील त्या दिवशीं. हें काम ज्याला नकाशा वाचतां येतो अशाच माणसाकडे द्यावें, आणि तेवढे दिवस त्याच्याकडील दुसरें काम काढून घ्यावें. नवी व्यवस्था सुरू होण्याची तारीख ठरली कीं त्याच सकाळीं जुनें सामायिक फोल्डर नुसतें वाचण्यापुरतें उघडें ठेवून लिहिण्यास बंद करावें. तें आठ दिवसही चालू ठेवलें तर पहिल्याच घाईच्या कामास कोणीतरी तिकडे जातो.