जुना साचा, नवें भांडें

केशोरीसारख्या गांवींहि एखाद्या जुन्या घरच्या फडताळांत झिलईदार मातीची बरणी असते, आणि ‘आजोबांनीं मुंबईहून आणली’ असें कौतुकानें सांगितलें जातें. ती विकण्याची वेळ आली, कीं सर्वांची भिस्त बुडावरील छापावर. पण तो छापच पुष्कळदां फसवितो.

१८७० नंतरच्या दशकांत जॉर्ज टेरी यांनीं मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत मातकामाची शाखा काढली. सिंधी कुंभारांचा हात व अजिंठ्याची नक्षी यांच्या मिलाफानें झालेल्या त्या भांड्यांना संग्राहक आज मोठें मोल देतात. आणि मोलामागोमाग नक्कल येतेच.

छाप साच्यांतच कोरलेला असल्यास कालचा हौशी कारागीरहि तो हुबेहूब उठवितो. साच्याचें वय तें भांड्याचें वय नव्हे! चाकावरील भांड्याच्या आंत कुंभाराच्या बोटांचीं वळीं हातास लागतात. साच्यांतल्यावर बाहेरून उभी जोडरेघ, घासलेली कां होईना, बहुधा सांपडते. झिजलेल्या साच्यांतील नक्षी बोथट उठते. अस्सल भांड्यावरूनच साचा घेतला असेल, तर माती वाळतांना व भाजतांना आकसून नक्कल मापानें लहान भरते.

हौसेनें भांडें घडविणें हा दोष नव्हे. तें जुनें म्हणून विकणें ही लबाडी होय. करणारानें बुडाशीं आपलें नांव व सन घालावा, म्हणजे नातवंडांस ही पंचाईत उरणार नाहीं.